पडत्या काळांतील निष्ठा

गेल्या महिन्यांत एका रविवारीं आमच्या घरीं पंगतीला जो वाद माजला, तो आरंभीं केवळ फुटबॉलच्या खेळाविषयीं होता. परंतु हात धुवेपर्यंत तो आमच्या कुटुंबाच्या अगदीं वर्मीं लागणाऱ्या एका गोष्टीपाशीं येऊन थांबला. असे प्रसंग वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं घडत असतील, म्हणून तो येथें थोड्या विस्तारानें निवेदन करितों.

आमचा नातू धुळ्यास महाविद्यालयांत शिकतो. सुटींत सोनगिरास आला म्हणजे सायंकाळीं किल्ल्याच्या पायथ्याशीं गांवच्या पोरांबरोबर चेंडू लाथाडीत असतो, आणि रात्रीं परदेशीं चालणारे सामने पाहत जागतो. तो ज्या इंग्लिश संघाचा भक्त आहे, तो संघ हंगामाच्या अखेरीस वरच्या श्रेणींतून खालीं उतरविला गेला. आणि चार-सहा आठवडे लोटले नाहींत तोंच त्याचे नांवाजलेले खेळाडू एकामागून एक दुसरीकडे निघून गेले. स्वारीचा संताप अनावर झाला. "आजोबा, असतील शितें तर जमतील भुतें, दुसरें काय! काल छातीवरच्या बिल्ल्याला ओठ लावीत होते, आज तोच बिल्ला नकोसा झाला. हे खेळाडू नव्हेत, भाडोत्री आहेत," असें तो म्हणाला. पंक्तींतील वडील मंडळींनीं माना डोलावल्या. आम्हींही डोलावली. ज्यानें एकाच शाळेंत सारा जन्म काढला, त्याला निष्ठेवर बोलणें फार सोपें जातें.

पंक्तींत आमचा पुतण्याही बसला होता. तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या मौनाचें कारण आम्हांस ठाऊक होतें, आणि तें येथें सांगितल्यावांचून पुढील विवेचनास अर्थ राहणार नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंचा हा मुलगा चार वर्षांपूर्वीं नाशिककडे एका कारखान्यांत हिशेबनीस होता. कारखान्याची स्थिति खालावली. पगार आधीं उशिरां, मग अर्धा, मग मुळींच नाहीं, असा क्रम सुरू झाला. त्याच सुमारास त्याला दुसरीकडे बरी नोकरी मिळत होती. त्यानें आम्हांस विचारलें, कारण घरांत वडील आम्ही. आम्हीं त्याला सांगितलें कीं, ज्याचें अन्न खाल्लें त्याला पडत्या काळांत सोडूं नये. त्यानें ऐकलें. सात महिने तो विनावेतन कामावर जात राहिला. आठव्या महिन्यांत एके दिवशीं सकाळीं फाटकाला कुलूप दिसलें. दुसरी नोकरी तोंवर हातची गेली होती. सूनबाईंच्या पाटल्या त्या वर्षीं घराबाहेर गेल्या, त्या अद्याप परत आलेल्या नाहींत. या चार वर्षांत पुतण्यानें एका शब्दानें आम्हांस दोष दिलेला नाहीं.

त्या रविवारीं सूनबाई भात वाढीत होत्या. नातवाचें 'भाडोत्री' ऐकून त्या क्षणभर थांबल्या, आणि पदर सांवरून हळूच म्हणाल्या, "मामंजी, माणसाशीं निष्ठा समजते, कुलपाशीं कसली निष्ठा?" पंक्तींत कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्हांस त्या दिवशीं ताक गोड लागलें नाहीं.

पुढचे चार दिवस आम्हीं नातवाला जवळ बसवून घेऊन या खेळाच्या व्यवहाराची माहिती करून घेतली. ज्या वाचकांस ती नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. फुटबॉलच्या साखळी स्पर्धा शाळेतील इयत्तांप्रमाणें एकीवर एक रचिलेल्या असतात. वरच्या इयत्तेंत तळाशीं राहिलेल्या संघांस पुढील वर्षीं खालच्या इयत्तेंत बसावें लागतें, आणि खालच्या इयत्तेंतील पहिले संघ वर चढतात. संघ उतरला कीं प्रेक्षक घटतात, जाहिरातदार पाठ फिरवितात, दूरचित्रवाणीचा पैसा आटतो. खेळाडूंचें वेतन मात्र करारानें ठरलेलें असतें. म्हणून परदेशांतील पुष्कळ करारांत 'संघ उतरल्यास वेतन इतकें कमी होईल' असें कलम आधींच घातलेलें असतें. तेवढ्यानेंही भागलें नाहीं, तर संघ आपले महागडे खेळाडू विकावयास काढतो. कारण करार चालू असतां खेळाडू नेणाऱ्यास जुन्या संघाला मोबदला द्यावा लागतो. म्हणजे जो गेला तो पळूनच गेला असें समजण्याचें कारण नाहीं. कित्येकदां त्याच्या जाण्यावरच मागें राहिलेल्यांचा पगार निघालेला असतो. हें ऐकून आमच्या निकालपत्रांतील पहिली ओळ आम्हांस खोडावी लागली.

परंतु उदाहरणासाठीं विलायतेपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आपल्या मुंबईचेंच पाहा. २००७ सालीं स्थापन झालेला मुंबई एफ. सी. हा संघ खालच्या श्रेणींतून वर चढून २००८-०९ पासून आय-लीग या तत्कालीन सर्वोच्च राष्ट्रीय स्पर्धेंत खेळूं लागला. कित्येक वर्षें त्याचे प्रशिक्षक खालिद जमील होते. हेच गृहस्थ ऑगस्ट २०२५ मध्यें भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. बेताच्या साधनांवर त्यांनीं तो संघ वरच्या श्रेणींत टिकवून धरिला होता. २०१६ मध्यें संघ आणि प्रशिक्षक यांचा वियोग झाला. जमील दूर मिझोराममधील आयझॉल एफ. सी. या संघाकडे गेले, आणि जयेश राणे व आशुतोष मेहता हे मुंबई संघाचे दोन खेळाडूही त्यांच्याबरोबर तेथें खेळूं लागले. कोणी म्हणेल, मुंबईचीं पोरें मुंबईस सोडून डोंगरांत गेलीं. पुढें काय झालें तें ऐकावें.

हा आयझॉलचा संघ त्या वेळीं पडत्या काळांतच होता. २०१५-१६ च्या हंगामांत त्याला खालच्या श्रेणींत उतरविण्याचा निर्णय झाला होता. आणि तोही तळाशीं राहिल्यामुळें नव्हे. सर्वांत तळाशीं पुण्याचा डी. एस. के. शिवाजियन्स हा संघ होता. परंतु तो उद्योगसमूहाच्या बळावर थेट प्रवेश मिळवून आलेला असल्यामुळें त्याला अवनतीपासून अभय होतें. म्हणून त्याच्या वरचा आयझॉल बळी पडला. त्याच्या आदल्याच वर्षीं असेंच घडलें होतें: पुण्याचाच भारत एफ. सी. तळाशीं, त्याला अभय, आणि पांच वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलेल्या गोव्याच्या धेंपो संघाची उचलबांगडी. पुढें गोव्याच्या संघांनीं स्पर्धेंतून अंग काढून घेतलें, तेव्हां आयझॉलला पुन्हा वर घेण्यांत आलें. त्या संघानें मिळालेली संधि दवडली नाहीं. ३० एप्रिल २०१७ रोजीं शिलाँगला लाजाँग संघाशीं १-१ अशी बरोबरी साधून तो भारताचा विजेता ठरला. ईशान्येकडील कोणत्याही संघानें हें पद त्यापूर्वीं मिळविलेलें नव्हतें. आणि त्याच हंगामांत मुंबई एफ. सी. दहा संघांत दहावा येऊन खालीं उतरला.

आतां आमच्या नातवाचा प्रश्न मुंबईच्या खेळाडूंस लावून पाहूं. संघ उतरला, मग त्यांनीं संघास चिकटून राहावयास नको होतें काय? परंतु चिकटावयाचें कोणाला? मुंबई एफ. सी. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेंत पुन्हा दिसला नाहीं. खालच्या श्रेणींत खेळून वर येण्याचें व्रत त्यानें घेतलेंच नाहीं. ज्या पुण्याच्या संघांस अवनतीपासून अभय मिळालें होतें, त्यांची तीच गत. भारत एफ. सी. एका हंगामांत आटोपला, आणि डी. एस. के. शिवाजियन्स २०१७ मध्यें. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा तर २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. तो कोठेंही उतरला नव्हता, तरी २०१० मध्यें बंद झाला. पुणें एफ. सी. २०१२-१३ मध्यें देशांत दुसरा आला होता. त्यानें २०१५ मध्यें गाशा गुंडाळला. एफ. सी. पुणें सिटी याचा हक्क २०१९ मध्यें हैदराबादेस गेला, आणि करारबद्ध खेळाडूंस कळलें कीं आपलें शहरच बदललें. या यादींत खेळाडूंनीं संघ सोडल्याचा प्रसंग आम्हीं शोधूं लागलों, तेव्हां संघांनींच खेळाडूंस सोडल्याचे प्रसंग हातीं आले.

पूर्वीं असें नव्हतें, असें आमच्या पिढीचे लोक म्हणतात; त्यांत तथ्य आहे, पण त्याचें कारण नीट पाहिलें पाहिजे. मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ मध्यें सुरू झाली. त्यानंतर दीर्घकाळ तेथील नामांकित संघ गिरण्या, रेल्वे, बँका, पोलीस, एअर इंडिया अशा संस्थांचे असत. खेळाडू हा त्या संस्थेचा नोकर असे. सकाळीं सराव, मग कचेरी. गुडघा दुखावून खेळ सुटला तरी नोकरी सुटत नसे, आणि अखेरीस निवृत्तिवेतन ठरलेलें. अशा माणसाची संघावर निष्ठा असणें नवल नव्हे, कारण संघाचीही त्याच्यावर निष्ठा होती. १९९६ मध्यें राष्ट्रीय फुटबॉल लीग व २००७ मध्यें आय-लीग सुरू झाल्यावर हळूहळू नोकरीची जागा एक-दोन वर्षांच्या करारानें घेतली. खेळाडूचें उमेदीचें आयुष्य तें काय? फार तर पंधरा वर्षें. त्याच्यामागें निवृत्तिवेतन नाहीं, आणि पुढच्या वर्षीं संघ असेल कीं नाहीं याचा भरंवसा नाहीं. अशा माणसाकडे आम्ही पेन्शनर लोक जुन्या दरानें निष्ठा मागतों, हा न्याय नव्हे.

आमचा पिंड संस्कृताच्या अध्ययनावर पोसलेला, म्हणून आम्हीं जुन्या पोथ्या पुन्हा काढल्या. मनूनें वादाचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत 'वेतनादान', म्हणजे ठरलेलें वेतन न देणें, हें एक स्वतंत्र पद आहे. म्हणजे धन्यानें वेतन बुडविणें हा चाकराच्या नशिबाचा भाग न मानतां राजानें न्याय करण्याचा विषय मानिला होता. आजारी पडलेला चाकर बरा होऊन ठरलेलें काम पुरें करील, तर फार काळ लोटला असला तरी त्याला वेतन मिळालें पाहिजे, असेंही मनु सांगतो. दुसऱ्या बाजूस याज्ञवल्क्यानें वेतन घेऊन काम टाकणाऱ्याकडून दुप्पट वसूल करावें असें म्हटलें आहे. दोन्ही पारडीं समोर धरलेलीं आहेत. चार वर्षांपूर्वीं पुतण्याला उपदेश करतांना आम्हांला याज्ञवल्क्य तेवढा आठवला, मनूचें तें पद आठवलें नाहीं. अर्धी आठवण ही विस्मृतीहून घातक असते.

गंमत अशी कीं, पाश्चात्त्यांनाही या समतोलापर्यंत येण्यास बराच काळ लागला. इंग्लंडांत १९६१ पर्यंत कोणाही खेळाडूस आठवड्यास २० पौंडांहून अधिक वेतन देण्याची मनाई होती. आणि करार संपला तरी जुना संघ खेळाडूस अडवून ठेवूं शके. जॉर्ज ईस्टहॅम नांवाच्या खेळाडूनें दाद मागितली, तेव्हां १९६३ मध्यें तेथील न्यायालयानें ही अडवणूक अन्याय्य ठरविली. बेल्जियमच्या बॉसमनचा करार संपला होता. त्याच्या संघानें नव्या करारांत वेतन चौथ्या हिश्शावर आणलें, आणि तो फ्रान्समधील संघाकडे जाऊं लागला तर मोबदला मागून अडविलें. १९९५ च्या डिसेंबरांत युरोपीय न्यायालयानें निर्णय दिला कीं, युरोपीय संघांतील देशांच्या नागरिकाचा करार संपल्यावर तो मोबदल्यावांचून दुसऱ्या देशांतील संघाकडे जाण्यास मोकळा आहे. आणि २०१८ मध्यें फिफा या जागतिक संस्थेनें नियम केला कीं, संघानें दोन महिन्यांचें वेतन अन्यायानें थकविलें, तर खेळाडूनें पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी. तरीही तें न मिळाल्यास त्याला करार मोडण्याचा अधिकार आहे. दोन महिने! आमच्या पुतण्यानें सात काढले.

येथें नातवानें आम्हांस अडविलें. "म्हणजे आजोबा, निष्ठा म्हणून कांहीं उरलीच नाहीं, असेंच ना? सगळाच व्यवहार?" प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर त्यानेंच सांगितलेल्या एका कथेंत सांपडलें. २००६ मध्यें इटलींतील युव्हेंटस या बलाढ्य संघास, पंचांच्या नेमणुकींत हस्तक्षेप केल्याच्या प्रकरणांत, शिक्षा म्हणून दुसऱ्या श्रेणींत ढकलण्यांत आलें. त्याच उन्हाळ्यांत इटली जगज्जेता झाला होता, आणि त्या संघांतील कित्येक मोहरे युव्हेंटसचे होते. कॅनाव्हारो माद्रिदला गेला, झाम्ब्रोटा बार्सिलोनाला गेला, स्वीडनचा इब्राहिमोविच मिलानच्या प्रतिस्पर्धी संघांत गेला. परंतु जगज्जेता गोलरक्षक बुफाँ राहिला, देल पिएरो राहिला, नेदवेद व त्रेझेगे राहिले. वर्षभर लहान लहान गांवांच्या मैदानांवर खेळून त्यांनीं २००७ मध्यें संघ पुन्हा वर आणिला.

हे कां राहिले असावेत? मनांतलें कोण सांगणार? पण एवढें दिसतें कीं, तो संघ खालीं गेला तरी नाहींसा झाला नव्हता. त्याचें मैदान होतें, प्रेक्षक होते, परत वर येण्याचा निश्चय होता. आम्हांस कर्णाची आठवण झाली. युद्धापूर्वीं श्रीकृष्णानें त्याला पांडवांकडे येण्यास सांगितलें, राज्यही देऊं केलें, कर्णानें नाकारिलें. ज्या सभेंत सर्वांनीं त्याला सूतपुत्र म्हणून हिणविलें, तेथें दुर्योधनानें त्याला अंगदेशाचें राज्य देऊन उभें केलें होतें. आधीं दुर्योधनानें दिलें, मग कर्णानें फेडलें. निष्ठेचा हा क्रम आहे. ती मागून मिळत नाहीं, उपदेशानें तर मुळींच नाहीं. जो संघ खेळाडूच्या दुखापतीच्या वर्षीं त्याच्या पाठीशीं राहतो, वेतन वेळेवर देतो आणि उतरल्यावरही दार उघडें ठेवितो, त्यालाच बुफाँ लाभण्याची आशा धरितां येते.

याचा अर्थ खेळाडूस सर्व माफ आहे असा नव्हे. हंगाम चालू असतां जो मन काढून घेतो, जाऊं द्यावें म्हणून जो सरावास दांडी मारितो, अखेरच्या सामन्यांत जो पाय राखून खेळतो, तो याज्ञवल्क्याच्या दुप्पट दंडास पात्र आहे. संघ उतरत असतां शेवटच्या शिट्टीपर्यंत घाम गाळणें, हें खेळाडूचें ऋण. तें फेडून, करार पाळून, तोंडावर सांगून जो जातो, त्याला भाडोत्री म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. आयझॉलचें उदाहरण येथेंही उपयोगी आहे. विजेतेपदानंतर तो संघ तसाच राहिला नाहीं. खुद्द जमील कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले, सीरियाचा महमूद अल-आमनाही तिकडेच गेला, इतरही पांगले. लहान संघास त्यांचें वेतन झेपणारें नव्हतें. परंतु जें करावयास ते आले होते तें पुरें करून ते गेले, आणि आयझॉलचा संघ नवीं पोरें घेऊन पुढेंही खेळत राहिला. गोव्याचा धेंपोही पुन्हा खालून चढत २०२४-२५ मध्यें आय-लीगमध्यें परत आला. संघानें टिकून राहणें हीच त्याची खेळाडूंशीं असलेली पहिली निष्ठा होय.

आमच्या सोनगिरांत तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा जुना. पोलादी भांडीं घरोघर आल्यावर या धंद्यास उतरती कळा लागली. हातांत कला असलेला तांबट पोटासाठीं दुसऱ्या गांवीं गेला, तर त्याला आम्ही कधीं कृतघ्न म्हटलें नाहीं. घेतलेली घागर पुरी घडवून दिली, आणि मग गेला, एवढेंच गांवानें पाहिलें. हाच न्याय कारखान्यांतील हिशेबनिसाला लावण्यास आम्हांस चार वर्षें लागावीं, याची लाज वाटते.

म्हणून पुढील रविवारीं, सर्व मंडळी पंक्तीस असतांनाच, आम्हीं पुतण्याला सांगितलें कीं, त्या वेळचा आमचा सल्ला चुकला; दोन महिने पगार थकला तेव्हांच तुला 'जा' म्हणावयास हवें होतें. त्यानें पानांतून मान वर केली नाहीं. "काका, तें आतां जाऊं द्या," एवढेंच म्हणाला. सूनबाईंनीं आम्हांस न विचारतां पानांत तूप वाढलें. ज्या घरांत तरुण मुलगा नोकरी सोडावी कीं न सोडावी असा प्रश्न घेऊन वडिलांपुढें उभा आहे, तेथील वडिलांनीं उपदेशापूर्वीं एवढें विचारावें: पगार वेळेवर मिळतो काय, आणि मालक स्वतः फाटकाच्या आंत उभा आहे काय?

नातवाला आम्हीं विचारलें, "तुझा संघ आतां खालच्या श्रेणींत खेळणार. मग तूं दुसरा संघ धरणार काय?" तो चकित होऊन म्हणाला, "छे! मी कसा बदलेन? मला कोण पगार देतें?" पुढील हंगामाचें वेळापत्रक त्यानें आधींच भिंतीला चिकटविलें आहे. सामने पूर्वींपेक्षां अधिक आहेत, असें तो सांगतो.